एअर पिस्तुलासाठी योग्य पेलेट कसं निवडायचं: डबा उघडण्यापासून ग्रुप मोजण्यापर्यंत

नेमबाजीला नव्याने आलेल्या मुलांच्या पालकांचा पहिला-दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "सर, सगळ्यात चांगलं पेलेट कोणतं?" (पेलेट म्हणजे एअर पिस्तुलात भरायचा शिशाचा छोटा छर्रा.) एखादा सीनियर लगेच एका कंपनीचं नाव सांगून मोकळा होतो. त्याच्या पिस्तुलात ते पेलेट खरंच छान चालत असतं, पण तुमच्या पिस्तुलात चालेलच असं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांनाही वेगवेगळं पेलेट मानवतं. त्यामुळे नाव विचारण्यापेक्षा तपासायची पद्धत शिकून घेतलेली बरी. या लेखात तीच सांगतो आहे. सोलापुरात बसून, महागडी यंत्रं न घेता हे सगळं करता येतं.

आधी एक गोष्ट मोकळी करतो, कारण हल्ली मुलं व्हिडिओ बघून विचारतात. अमेरिकेत हौशी नेमबाज पिस्तुलाची काडतुसं घरीच पुन्हा भरतात. रिकामी पुंगळी, नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), मोजून दारू, वर गोळी आणि शेवटी क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ते तोंड गोळीच्या खाचेत वळवतात, तर ९ मिमीसारख्या काडतुसात नुसतं सरळ करून घेतात, कारण ते काडतूस चेंबरमध्ये त्या तोंडाच्याच काठावर टेकतं. क्रिंप कमी-जास्त झाला की प्रत्येक गोळी वेगळ्या दाबाने सुटते. तिकडे हा छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा गंभीर आहे. तेव्हा तो विषय इथेच सोडा.

पण त्यातला मुद्दा आपल्याही कामाचा आहे. प्रत्येक गोळी नळीतून सुटताना सारखाच विरोध सोसून सुटली पाहिजे. काडतुसात ते काम क्रिंप करतो. एअर पिस्तुलात ना पुंगळी ना दारू, त्यामुळे ते काम पूर्णपणे पेलेटच्या मापावर आणि ते नळीत कसं बसतं यावर येऊन पडतं.

पेलेट म्हणजे काय, थोडक्यात

१० मीटर एअर पिस्तुलासाठी ४.५ मिमी व्यासाचं शिशाचं पेलेट वापरतात. आकार डमरूसारखा: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. डोक्याला सगळे हेड म्हणतात आणि घेराला स्कर्ट. स्पर्धेच्या पेलेटचं हेड सपाट असतं, म्हणजे कार्डावर कडा स्वच्छ कापलेलं गोल भोक पडतं आणि गुण वाचायला वाद होत नाही. हेड नळीतल्या पीळदार खाचांमधल्या उंचवट्यांवरून सरकतं आणि पेलेटला मध्यभागी धरतं. स्कर्ट पातळ असतो, तो खाचांमध्ये रुतून हवा अडवतो.

डब्यावर दोन आकडे बघायचे. पहिला वजनाचा. आरडब्ल्यूएस कंपनीचं पिस्तुलाचं आर-१० हे ०.४५ ग्रॅमचं आहे (डब्यावर ७ ग्रेन असंही लिहितात, ग्रेन हे वजनाचं छोटं एकक), एच अँड एन कंपनीचं फिनाले मॅच लाइट त्याहून थोडं जड, तर रायफलवाले साधारण ०.५३ ग्रॅमचं वापरतात. दुसरा आकडा हेडच्या मापाचा: ४.४९, ४.५०, ४.५१ किंवा ४.५२. एक शतांश मिलिमीटरच्या फरकावर माणसं रेंजवर तासन्‌तास वाद घालतात. तो वाद किती खरा आणि किती फुकाचा, हे कागदावर मांडून बघू.

आधी हिशेब, मग खरेदी

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिमीने मोठं होत जातं. पेलेटची कड वर्तुळाच्या रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा, १६ च्या आत असला की नऊ, २४ च्या आत असला की आठ. रायफलवाल्यांचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्यांच्या चर्चा आपण जशाच्या तशा उचलू नयेत, त्याचं कारण हेच.

आता समजा, एका चांगल्या मुलाचे साठ शॉट ४५ मिमीच्या वर्तुळात पडतात. यात त्याच्या हाताचा, श्वासाचा, ट्रिगरचा सगळा डळमळाट आला. पिस्तूल वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या शिकंज्यात, घट्ट धरून मारलं तर उत्तम जुळणारं पेलेट ३ मिमीत पडतं, आणि तितकंसं न जुळणारं ६ मिमीत. हाताची आणि पेलेटची चूक एकमेकींवर अवलंबून नसते. त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. ४५ चा वर्ग २०२५. त्यात ९ मिळवले तर ४५.१ मिमी, ३६ मिळवले तर ४५.४ मिमी. फरक किती? अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. सहाशेपैकी पाचशेच्या आसपास मारणाऱ्या मुलाचे शॉट तर याहून कितीतरी पसरलेले असतात. त्याच्यासाठी हेडच्या मापाची चर्चा म्हणजे वेळेचा अपव्यय. त्याने तोच वेळ भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता नेम आणि ट्रिगरच्या सरावाला, द्यावा.

मग पेलेटची काळजी करायचीच नाही का? करायची, पण दुसऱ्या कारणासाठी. डब्यात एखादं पेलेट वाकलेल्या स्कर्टचं, चेपलेल्या हेडचं निघतं आणि ते एकटंच १५ मिमी बाजूला जातं. तुमचा शॉट बरोबर मधोमध सुटला असेल तर दहाचा नऊ होतो. शॉट आधीच १२ मिमी बाहेर असेल आणि पेलेटही त्याच बाजूला गेलं, तर नऊचा सात. वर मुलगा गोंधळतो, आपल्याच हातात खोट शोधत बसतो, आणि पुढचे पाच शॉट बिघडवतो. म्हणून माझ्या मते कामाचा क्रम असा हवा: आधी वाईट पेलेट डब्यातून बाहेर, मग बसण्याची पद्धत सारखी, आणि मग वेळ उरला तर हेडचं माप. पाचशेसाठच्या पुढे नियमित जाणाऱ्याने तिसरं काम जरूर करावं, कारण तिथे एकेक गुण मोजला जातो.

पिस्तूल तपासल्याशिवाय पेलेट तपासू नका

ग्रिपचा स्क्रू सैल असेल, नेम धरायची मागची साइट हलत असेल, तर तुम्ही पेलेटची नाही, स्क्रूची परीक्षा घेताय. म्हणून आधी सगळे स्क्रू, मग पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचा दाब. बहुतेक मॅच पिस्तुलांत, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलांत, सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखा दाब देतो. दाब फार उतरला की रेग्युलेटरला सारखं काम जमत नाही. चाचणी भरलेल्या सिलिंडरवरच घ्या आणि किती दाबापर्यंत वापरायचा ते पिस्तुलाच्या पुस्तिकेत बघा.

नळी साफ करायला फेल्टचे छोटे गोळे मिळतात. एक-दोन कोरडे गोळे हवेने मारायचे, बस. तेल नको. दाबाच्या हवेशी तेलाचा संबंध येऊ द्यायचा नाही, आणि शिलाईमशीनचं तेल तर मुळीच नको. साफ केल्यावर पहिले दहा-वीस शॉट जरा इकडेतिकडे जातात, नळीला पुन्हा शिशाचा पातळ थर बसेपर्यंत. ते शॉट मोजणीत धरायचे नाहीत.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडणारी दुकानं लागतात. तिथल्या बंदुकीतले छर्रे गंमत म्हणून ठीक आहेत, पण तसले स्वस्तातले पुडीतले छर्रे मॅच पिस्तुलात घालू नका. पोलादी गोळ्या तर एकदाही नको. नळीच्या आतली पीळदार खाच पोलादाने खरवडली की ती परत येत नाही.

नमुने कुठून आणि किती

परवान्याचा प्रश्न पालक विचारतात म्हणून सांगतो. ४.५ मिमी बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघतं, म्हणजे ५.६ ज्यूल, मर्यादेच्या खूप खाली. तरी खरेदी करताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि पावती जपून ठेवायची असते. एसटीने किंवा रेल्वेने पुण्याला बालेवाडीला स्पर्धेला जाताना ती पावती आणि क्लबचं पत्र बॅगेत वर ठेवा, म्हणजे तपासणीत वेळ जात नाही.

पेलेटचा डबा बहुधा ५०० चा असतो. पाच प्रकारचे पाच डबे घेऊन बसायची गरज नाही. क्लबमधल्या चार-पाच जणांकडे निरनिराळे डबे असतातच. प्रत्येकाकडून चाळीसएक पेलेट बदल्यात घ्या आणि प्लास्टिकच्या वेगळ्या डबीत ठेवा. डबीवर कंपनी, वजन, हेडचं माप आणि लॉट क्रमांक लिहा. लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत तयार झालेला माल, त्याचा क्रमांक मूळ डब्याच्या लेबलवर किंवा बुडाला असतो. तो लिहून घेतला नाही तर नंतर सगळं काम वाया जातं, कारण तेच नाव आणि तेच माप असलेला पुढच्या लॉटचा डबा वेगळा वागू शकतो. काही कंपन्या वेगवेगळ्या हेड-मापांची नमुना पाकिटंही काढतात. ती मिळाली तर उत्तम.

बघून निवडणं

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं. टेबलावर काचेचा तुकडा ठेवा, बाजूला सोलापुरी टॉवेल अंथरा. टॉवेल एवढ्यासाठी की त्यावर ठेवलेलं पेलेट घरंगळत नाही. पण तो टॉवेल पुन्हा तोंड पुसायला वापरायचा नाही. त्यावर शिसं लागलेलं असतं. तो याच कामाला कायमचा बाजूला काढा.

पेलेट चिमट्याने नाही, बोटानेच उचला. चिमट्याने स्कर्ट चेपतो. उजेडाकडे स्कर्ट करून बघा: कड पूर्ण गोल आहे का, कुठे आत दबली आहे का, आत शिशाचा कण किंवा लोंबता तुकडा आहे का. मग हेड बघा: सपाट आहे का, कडेला ओरखडा आहे का. शेवटी पेलेट काचेवर आडवं ठेवून बोटाने हलकं ढकला. स्कर्ट हेडपेक्षा थोडा मोठा असल्यामुळे ते वर्तुळात फिरतं. फिरताना सारखं फिरलं तर चांगलं, अडखळून उडी मारल्यासारखं झालं तर स्कर्ट वाकलेला आहे. डोळ्याला न दिसणारा चेप इथे कळतो.

संशय आला की पेलेट सरावाच्या डबीत. फेकायचं नाही, ट्रिगरचा सराव करायला ते चालतं. फोमच्या खाचांमध्ये एकेक बसवलेली महागडी पेलेट मिळतात, त्यात चेपलेली फार कमी निघतात. स्पर्धेच्या दिवसासाठी तेवढी घ्यावीत, रोज नाही. साध्या डब्यातली पेलेट कुरिअरच्या गाडीतून येताना एकमेकांवर आपटलेली असतात. म्हणून डबा हातात आला की हलवून आवाज ऐकायची सवय सोडा.

वजन करायचं का? पेलेट अर्ध्या ग्रॅमचं. त्यातला फरक मिलिग्रॅममध्ये असतो. भाजीवाल्याचा किंवा स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, १ मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. ओळखीच्या सराफाकडे असेल तर एकदा गंमत म्हणून पन्नास पेलेट तोलून बघा. चांगल्या कंपनीच्या डब्यात फरक इतका कमी निघेल की पुन्हा तोलायची इच्छा राहणार नाही. पिस्तुलासाठी मी वजनाच्या मागे लागा असं म्हणणार नाही.

बसवण्याची पद्धत: आपला क्रिंप इथेच

इथे थोडं सावकाश वाचा, कारण क्लबमध्ये याकडे जवळजवळ कोणी बघत नाही.

पेलेट भरताना ते नळीच्या तोंडाशी ठेवतात आणि झाकण किंवा लिव्हर बंद करताना आतला दांडा त्याला पुढे ढकलतो. पेलेट तिरकं राहिलं आणि तुम्ही झाकण जोरात बंद केलं, तर हेडच्या एका बाजूला खाच आधी लागते. पेलेट नळीत तिरकंच शिरतं आणि तिरकंच बाहेर पडतं. म्हणून ठेवताना पेलेट सरळ, हेड पुढे, हे डोळ्याने बघा आणि झाकण प्रत्येक वेळी सारख्याच संथ वेगाने बंद करा. साठ शॉटच्या स्पर्धेला ७५ मिनिटं मिळतात. घाई करायचं काहीच कारण नाही.

काही पिस्तुलांत, विशेषतः नळी मोडून भरायच्या जुन्या प्रकारात, पेलेट अंगठ्याने दाबून बसवावं लागतं. तिथे स्कर्टची कड नळीच्या काठाला बरोबर समतल आली पाहिजे. बाहेर राहिली तर नळी बंद होताना ती चिरडते आणि हवा गळते. नखाने एका बाजूने दाबू नका, अंगठ्याच्या मऊ भागाने मधोमध दाबा.

आता हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. ४.४९ चं पेलेट एखाद्या नळीत आपसूक सरकतं, ४.५२ चं त्याच नळीत ढकलावं लागतं. फार सैल बसलं तर हेडला मध्य सापडत नाही आणि पिस्तूल खाली झुकवलं तर पेलेट पुढे सरकूही शकतं. फार घट्ट बसलं तर हेडच्या कडा कापल्या जातात आणि वेग शॉटागणिक बदलतो. यातलं हवं ते मधलं माप तुमच्या नळीचं आहे, पुस्तकातलं नाही. नमुन्याच्या प्रत्येक डबीतली पाच-पाच पेलेट भरून बघा आणि कागदावर फक्त एवढंच लिहा: सैल, ठीक, घट्ट. पाचही पेलेट एकसारखी जाणवली तर लॉट चांगला. दोन सैल आणि तीन घट्ट जाणवली, तर आकडा कितीही बरोबर असला तरी ती डबी बाजूला ठेवा. ज्या लॉटचं प्रत्येक पेलेट हाताला सारखं जाणवतं, तो लॉट मला किंचित चुकीच्या मापाचा असला तरी चालतो.

बेंचवर चाचणी

जागा: बरोबर १० मीटर, मोजपट्टीने मोजलेली. क्लबची रेंज सगळ्यात चांगली. घरी करायचं असेल तर जुन्या वाड्याची लांब पडवी किंवा गच्चीचा बंदिस्त कोपरा चालतो. पण टार्गेटमागे खाली झुकलेल्या पोलादी पत्र्याची पेलेट-पेटी हवी, मध्ये उघडणारा दरवाजा नको, आणि घरातल्या सगळ्यांना सांगूनच सुरुवात करायची. डोळ्यांवर चष्मा प्रत्येकाच्याच. उघड्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या दिशेने कधीही नाही.

धरणं: सुताराच्या किंवा फिटरच्या वाइसमध्ये जाड रबर लावून पिस्तूल धरता येतं. धरायचं ते फ्रेमला. नळीला नाही आणि सिलिंडरला तर अजिबात नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखादा फिटर ओळखीचा असेल तर तो फ्रेमच्या आकाराची लाकडी खोबण करून देईल, आणि वाइस टेबलाला बोल्टने पक्का करून देईल. वाइस नसेल तर घट्ट भरलेल्या वाळूच्या दोन पिशव्या, दोन्ही हात आणि बसून नेम. त्यात नेमाची चूक येतेच, म्हणून तेव्हा शॉट जास्त मारावे लागतात.

मारण्याची पद्धत मी अशी ठेवतो. प्रत्येक प्रकाराचे दहा शॉटचे तीन ग्रुप, प्रत्येक ग्रुप वेगळ्या कार्डावर. ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, तो जितका लहान तितकं पेलेट चांगलं. पण एका प्रकाराचे तीनही ग्रुप लागोपाठ नाही. अ, आ, इ, ई असा क्रम, मग उलटा क्रम, मग पुन्हा वेगळा. सिलिंडरचा दाब उतरत जातो, डोळे थकतात, आणि तो तोटा एकट्या शेवटच्या डबीच्या माथी जाऊ नये म्हणून हे करायचं. आणखी एक, पेलेट भरून देणारा दुसरा असू द्या आणि कोणती डबी चालू आहे ते तुम्हाला न सांगू दे. महागड्या डब्यावर प्रेम बसलेलं असतं, हात नकळत त्याच्यासाठी जास्त काळजी घेतो.

पाच शॉटच्या एका ग्रुपवरून निकाल लावू नका. एकाच डबीतून मारलेले पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या सव्वा-दीडपट येतात. सोशल मीडियावर एका भोकाचे फोटो टाकणारे लोक बाकीच्या ग्रुपचे फोटो टाकत नाहीत.

कार्ड मॅचचंच वापरा. वहीच्या कागदावर भोक फाटतं आणि खऱ्या मापापेक्षा लहान दिसतं, मग मोजणी चुकते.

मोजणं आणि वाचणं

व्हर्निअर कॅलिपरने ग्रुपच्या दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. उरतं ते मध्य ते मध्य अंतर. बाहेरून बाहेर ७ मिमी आलं, तर ग्रुप २.५ मिमीचा. दहा शॉटला वाइसमधून इतका ग्रुप आला तर पिस्तुलासाठी तो फार छान आहे, त्याहून बारीक शोधत बसू नका. रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटची जागा पडद्यावर मिळतेच.

तीन ग्रुपची सरासरी काढा. मग आकडे बाजूला ठेवून कार्डांकडे बघा. एका डबीचा ग्रुप नऊ शॉट एकाच भोकात आणि दहावा दूर, असा असेल, तर ते जमलेलं पेलेट आहे पण निवड नीट झालेली नाही. काचेवर पुन्हा तपासा आणि पुन्हा मारा. दुसऱ्या डबीचा ग्रुप सगळ्या बाजूंनी सारखा फुगलेला असेल, तर माप जुळत नाही. आणि ग्रुप उभा लांबट असेल तर मी आधी दाबाकडे आणि रेग्युलेटरकडे बघेन, कारण वेग कमी-जास्त झाला की शॉट वर-खाली जातात, आडवे जात नाहीत. सगळ्याच डब्यांचे ग्रुप उभे लांबट आले, तर पेलेटला दोष देऊ नका, पिस्तूल सर्व्हिसला पाठवा.

दोन प्रकारांच्या सरासरीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल, तर तो फरक आहे असं मानूच नका. त्या दोघांतलं जे स्वस्त, जे सोलापुरात किंवा पुण्यात वर्षभर मिळतं, ते घ्या.

शेवटी दोन-तीन उमेदवार उरले की उभं राहून, एका हाताने, नेहमीसारखे मारा. इथे ग्रुप मोजायचा नाही, शॉट कुठे सरकला ते बघायचं. हलकं पेलेट लवकर पोचतं. १६० मीटर वेगाने १० मीटर जाताना ते जवळपास १९ मिमी खाली येतं, १४५ मीटर वेगाचं जड पेलेट २३ मिमी खाली येतं. म्हणजे वजन बदललं की शॉट ४ मिमी उतरतो. साइटचे दोन-तीन क्लिक बदलावे लागतील आणि एका क्लिकला किती मिलिमीटर, ते तुमच्या पुस्तिकेत आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्या वजनाचं पेलेट घ्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

डबा सांभाळणं, आणि शिसं

सोलापूरच्या उन्हाळ्यात पालक पेलेटची काळजी करतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, मेमध्ये विजापूर रोडवर उन्हात उभ्या गाडीतल्या डब्याला काहीही होत नाही. काळजी करायची ती सिलिंडरची. ३० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशांवर जवळपास २२० बारवर जातो. गाडीत सिलिंडर ठेवून चहाला जाऊ नका. सिलिंडरवरची तारीखही बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती जबाबदारी खेळाडूची असते.

पेलेटला खरा त्रास होतो तो कूलरच्या दमट हवेचा आणि आंबट वाफेचा. नव्या लाकडी कपाटात किंवा व्हिनेगरच्या बाटलीशेजारी ठेवलेल्या पेलेटवर पांढरी भुकटी धरते. ती शिशाची विषारी पूड आहे. तशी पेलेट मारायची नाहीत आणि घासून पुसायचीही नाहीत. डबा प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, लोखंडी कपाटात. आपल्याकडची धूळही लक्षात घ्या. उघड्या डब्यात पडलेला वाळूचा कण पेलेटबरोबर नळीत जातो, म्हणून सरावाच्या वेळी पन्नास पेलेट छोट्या डबीत काढून मोठा डबा बंद.

आणि हात. पेलेट तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, ती त्याच दिवशी मोडायची. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडून भाकरी आणि शेंगाचटणीला हात लावायचा नाही. पेलेट-पेटीतलं चेपलेलं शिसं मास्क लावून, पेटी घराबाहेर नेऊन काढा. झाडूने कोरडं झाडू नका, ओल्या कापडाने पुसा. जमलेलं शिसं कचऱ्यात न टाकता घट्ट डब्यात भरून भंगारवाल्याला द्या. लहान भावंडं असलेल्या घरात पेलेटची डबी वरच्या फळीवरच.

निवड पक्की झाली की त्याच लॉट क्रमांकाचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. दोघा-तिघांनी मिळून घेतले तर दुकानदारही ऐकतो. आणि त्यातली शंभरएक पेलेट बाजूला काढून ठेवा, कितीही मोह झाला तरी वापरू नका. पुढे नवा लॉट येईल तेव्हा जुन्याच्या शेजारी ठेवून, त्याच वाइसमध्ये, त्याच दिवशी मारून बघता येतं. जुनी पेलेट संपल्यावर नव्याची तुलना कशाशी करणार? स्पर्धेच्या हंगामाआधी किमान महिनाभर हे करून घ्या, म्हणजे नवा लॉट नाही जमला तर दुसरा शोधायला वेळ राहतो.